खदानीच्या दप्तरातले आजे-पणजे

(चंद्रपूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



मराठीत कुलवृत्तांतांची परंपरा साधारण शंभर वर्षांची आहे. घराण्याचं मूळ गाव, कुलदैवत, गोत्र, शाखा, कोणाला केव्हा इनाम मिळालं, कोण कोकणातून देशावर कधी आला, हे सगळं पिढ्यानुपिढ्या मांडलेलं असतं. मी हे ग्रंथ आदराने वाचतो. त्यांच्यासाठी माणसांनी पदरचे पैसे घातले आहेत आणि आयुष्याची वर्षं घातली आहेत. पण हे ग्रंथ कशावर उभे आहेत ते पाहा. वतनपत्रं, सनदा, निवाडे, त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या. ज्याच्या घरात जमीन होती किंवा लेखणी होती, त्याचा वंश कागदावर टिकला.

आता लालपेठच्या किंवा रय्यतवारीच्या एखाद्या घरात जाऊन विचारा. उत्तर ठरलेलं आहे: "आजोबा खदानीत होते." कोणत्या गावचे होते? "तिकडचे, बिलासपूरकडचे." नाहीतर, "करीमनगरकडचे." कधी आले? "आमचे बाबा लहान होते तेव्हा." बस्स. दोन पिढ्यांच्या मागे काही नाही, आणि काही नसणार असंच सगळ्यांनी धरून ठेवलेलं असतं. आमच्यासारख्यांची कसली वंशावळ, असं एका आजींनी मला विचारलं होतं.

त्यांना दिलेलं उत्तर आज जरा विस्ताराने देतो. त्या घरांनाही वंशावळ आहे, आणि ती खदानीने लिहून ठेवली आहे. पगार वाटायचा म्हणून लिहिली, हाजरी लागायची म्हणून लिहिली, कोण खाली उतरला आणि कोण वर आला ते कळावं म्हणून लिहिली, माणूस मेला तर भरपाई कोणाला द्यायची ते ठरावं म्हणून लिहिली. तिच्यात घराण्याचा अभिमान नाही, पण नाव आहे, बापाचं नाव आहे, गाव आहे. फक्त ती वाचायची एक रीत आहे. आधी माणूस शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. आधी खदान शोधावी लागते.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. घरात सांगतात, "पणजोबा वरोऱ्याच्या खदानीत होते." वरोऱ्याची खाण सरकारी होती. 1870 च्या दशकात ती सुरू झाली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आली, आणि 1906 मध्ये ती बंद झाली. म्हणजे पणजोबा खरोखर तिथे कामाला असतील तर ते 1906 च्या आधी. त्या वेळी ते कामाच्या वयाचे होते, तेव्हा त्यांचा जन्म 1890 च्या अलीकडचा असणं कठीण. एवढ्या एका तारखेने दोन गोष्टी ठरल्या. तिसरीही ठरते: खाण बंद झाल्यावर माणूस कुठे गेला? त्याच सुमारास बल्लारपूरला सरकारी खाण उघडली होती. म्हणून पुढचा शोध बल्लारपूरला. आणि घरातलं कोणी म्हणालं की नाही, आजोबा 1925 साली वरोऱ्याला कोळसा काढत होते, तर थांबा. वरोरा तालुक्यात कोळशाच्या नव्या खाणी आल्या त्या अलीकडच्या काळात. 1925 मध्ये तिथे ती सरकारी खाण नव्हती. म्हणजे एकतर साल चुकलंय, नाहीतर पिढी. बहुतेक वेळा पिढी चुकलेली असते. पणजोबांची गोष्ट आजोबांच्या नावावर जमा झालेली असते. खाणीचा इतिहास ठाऊक नसता तर हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

खाण सरकारी की कंपनीची, हे कळणंही तितकंच महत्त्वाचं. सरकारी खाणीचे कागद सरकारी दप्तरात गेले. मध्य प्रांताच्या वार्षिक प्रशासन अहवालांत आणि चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्याच्या 1909 च्या गॅझेटिअरमध्ये वरोऱ्याच्या खाणीची माहिती आहे. कंपनीच्या खाणीचे कागद कंपनीबरोबर हिंडले. कोळशाच्या खाणी सरकारने 1973 साली ताब्यात घेतल्या, त्याआधीच्या प्रत्येक मालकाने आपलं दप्तर सांभाळलं असेल असं नाही. पेंचच्या खोऱ्यात, परासियाकडे, शॉ वॉलेससारख्या मोठ्या कंपन्या व्यवस्था पाहत होत्या, तिथे कागदांची शिस्त बरी होती. लहान ठेकेदार-मालकांच्या खाणींत कधीकधी एका वहीत मुकादमाचं नाव आणि पुढे 'माणसे 22' एवढंच. त्या बावीसांत तुमचे आजोबा असतील, पण त्या वहीतून ते मिळायचे नाहीत.

इथेच राजुऱ्याच्या मंडळींसाठी एक गोष्ट सांगतो. वर्धा नदीच्या अलीकडे बल्लारपूर आणि पलीकडे राजुरा तालुक्यातली सास्ती. आज दोन्ही एकाच जिल्ह्यात आहेत. पण 1956 पर्यंत राजुरा तालुका हैदराबाद राज्यात होता. पुढे तो मुंबई राज्यात, नांदेड जिल्ह्यात आला, आणि 1959 मध्ये चांद्याला जोडला गेला. नदीच्या या काठावर इंग्रजांचा खाण कायदा लागू होता, त्या काठावर निजामाचं राज्य. म्हणून सास्तीच्या जुन्या कामगाराचा शोध नागपुरात घेणाऱ्याला तो सापडत नाही. त्याचे कागद हैदराबादच्या पुराभिलेखागारात शोधायला हवेत. शिवाय तेलंगणातल्या कोळसाक्षेत्रातून या भागात आणि इथून तिकडे माणसं जात-येत राहिली. बल्लारपूरच्या अनेक तेलुगू घरांचे सोयरे आजही बेल्लमपल्ली-मंचेरियालकडे आहेत. लग्नपत्रिकेवरची गावं नीट पाहिली तर मूळ गावाचा निम्मा पत्ता लागतो.

मॅंगनीजची गोष्ट आणखी वेगळी. रामटेकजवळचं मनसर, कांद्री, तुमसरकडची चिखला, डोंगरी बुजुर्ग, पलीकडे बालाघाट. या पट्ट्यात मॅंगनीज काढायला सुरुवात झाली 1899-1900 च्या सुमारास. तो काळ आठवा. 1896-97 चा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला, 1899-1900 चा छपन्न्या चालू. गावात काम नाही, दाणा नाही, आणि डोंगरावर फोडायला दगड आहे, रोज रोख मजुरी आहे. कुणबी, पोवार, गोंड, महार, सगळे त्या डोंगरावर गेले. मग 1905 साली रशियात क्रांती उसळली आणि काकेशसमधलं मॅंगनीज बाजारात येईना. भारतातल्या धातूला एकदम मागणी आली, नवे डोंगर खोदायला घेतले. तुमसरच्या एखाद्या घरात 'पणजोबा 1906-07 ला गाव सोडून खदानीवर आले' असं सांगत असतील, तर त्यांना गावातून उठवणारं कारण हजारो कोसांवरच्या काकेशसमध्ये होतं. आणि 1930 नंतर जगभर मंदी आली तेव्हा मागणी कोसळली, खाणी धडाधड बंद झाल्या. त्या काळात कुटुंब अचानक एका गावातून नाहीसं होऊन दुसरीकडे दिसू लागतं. घरच्यांना वाटतं भाऊबंदकी झाली असेल. झालीही असेल. पण आधी खाण कधी बंद पडली ते पाहा.

भूगर्भशास्त्रज्ञ फर्मर यांचा 1909 साली प्रसिद्ध झालेला मॅंगनीजच्या साठ्यांवरचा मोठा ग्रंथ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने छापला. तो दगडांविषयीचा ग्रंथ आहे, माणसांविषयीचा नव्हे. तरी कोणत्या टेकडीवर काम चालू होतं आणि ती कोणाच्या ताब्यात होती, हे त्यात सापडतं. पूर्वजांच्या शोधात भूगर्भशास्त्राचा ग्रंथ वाचावा लागेल असं कोणाला वाटणार नाही, पण वाचावा लागतो.

आता कागदांकडे येऊ. सगळ्यांत मोलाचा कागद म्हणजे ज्याला खाणीतले जुने बाबू 'बी फॉर्म' म्हणतात ती नोंदवही. प्रत्येक खाणीने कामगारांची नोंदवही ठेवली पाहिजे हे 1923 च्या खाण कायद्यातही होतं. पुढे 1952 चा कायदा आणि 1955 चे नियम आले, त्यांनी 'फॉर्म बी'चा नमुना ठरवून दिला. ही वही उघडली की काय दिसतं ते मी सांगतो, कारण बहुतेक घरांनी ती कधी पाहिलेली नसते.

पानाच्या डाव्या बाजूला अनुक्रमांक. मग कामगाराचं नाव. पुढे बापाचं नाव, आणि बाई असेल तर नवऱ्याचं. स्त्री की पुरुष. वय किंवा जन्मतारीख. कायमचा पत्ता: गाव, ठाणं, तहसील, जिल्हा. कामाचा प्रकार. कामावर लागल्याची तारीख. आणि शेवटी सही किंवा अंगठा. जुन्या पानांवर सह्या थोड्या, अंगठेच फार. निळसर-काळी शाई, कुठे पुसटलेली, कुठे इतकी ठळक की रेघान्‌रेघ मोजता येते. आजोबांचा फोटो घरात नसतो, त्यांनी लिहिलेली एक ओळ नसते. पण त्यांच्या अंगठ्याचा ठसा त्या पानावर असतो.

या वहीतला प्रत्येक रकाना वेगळ्या सावधपणाने वाचायचा. वय अंदाजे लिहिलेलं असतं. 25, 30, 35 हे आकडे पुन्हा पुन्हा दिसतात, त्यावरून जन्मसाल काढायचं तर पाच वर्षं इकडे-तिकडे धरावीत. नाव बाबूने आपल्या कानाप्रमाणे लिहिलं आहे. तेलुगू नाव हिंदी बोलणाऱ्या बाबूने लिहिलं की ओळखू येत नाही, म्हणून ते मोठ्याने वाचावं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ऐकवावं. पत्त्याचा रकाना मात्र सोन्याचा. 'बिलासपूर जिल्हा' असं लिहिलेलं गाव आज जांजगीर-चांपा किंवा कोरबा जिल्ह्यात असेल, 'करीमनगर' म्हणून लिहिलेलं पेद्दपल्लीत असेल. जुने जिल्हे फुटून नवे झाले. पण ठाण्याचं नाव सहसा टिकतं. जिल्ह्यावर विसंबू नका, ठाण्याचं नाव धरा.

कामाचा प्रकारही हातचा सोडू नका. लोडर म्हणजे टबात कोळसा भरणारा, ट्रामर म्हणजे टब ढकलणारा, टिंबरमन म्हणजे छताला टेकू लावणारा. पीस रेटवरचा की रोजंदारीवरचा, यावरून घरात पैसा कसा येत होता ते कळतं. लोडर पुढे मुकादम झाला, मग मायनिंग सरदार झाला, अशी चढण एखाद्या घराण्याच्या तीन पिढ्यांत दिसते तेव्हा मला फार बरं वाटतं. इनाम मिळालेल्या पूर्वजाइतकंच हे कौतुकाचं आहे.

दुसरा कागद प्रॉव्हिडंट फंडाचा. कोळसा कामगारांचा भविष्य निर्वाह निधी 1948 च्या कायद्याने आला. त्यात वारसाचं नाव द्यावं लागे. बायको, मुलगा, कधी म्हातारी आई, कधी गावाकडचा भाऊ. वारस म्हणून गावाकडच्या भावाचं नाव असेल तर समजावं की आजोबांचं चित्त अजून गावात होतं. ते निवृत्त होऊन परत जाणार होते. पुढे मुलं इथल्या शाळेत गेली, आणि ते राहिले.

शाळेचं नाव निघालं म्हणून गुरुजींची आठवण काढतो. ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत त्या गुरुजींनी कॉलरीच्या वस्तीतल्या शाळेत आयुष्य काढलं. दाखल-खारीज रजिस्टर ते स्वतः लिहीत. बाप नाव घालायला आला की त्याला आधी बसायला सांगत, मग गाव, ठाणं, जात, जन्मस्थळ आणि काम विचारत. 'मजुरी' एवढं लिहून ते कधी थांबले नाहीत. कोणती खदान, कोणतं काम, ते लिहिलंच पाहिजे असा त्यांचा आग्रह असे. आज त्या रजिस्टरची नक्कल घेण्यासाठी माणसं येतात, कारण त्यात एक ओळ नीट लिहिलेली आहे. या जिल्ह्याच्या इतिहासात गुरुजींचं हे काम मोठं आहे, आणि ते कोणी त्यांना सांगून करवून घेतलेलं नव्हतं.

नक्कल घ्यायला येतात ती हौसेने नव्हे. महाराष्ट्रात जात पडताळणीसाठी आपलं घराणं ठरावीक तारखेआधी या राज्यात राहत होतं हे दाखवावं लागतं. अनुसूचित जातींसाठी ती तारीख 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967. गावात राहिलेल्या माणसाकडे कोतवाल पंजीची (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची) नक्कल असते, मिसल (जुन्या जमीनबंदोबस्ताची नोंद) असते. पण ज्याचा आजोबा 1945 साली हातात एक गाठोडं घेऊन खदानीवर आला, त्याच्या नावावर इथे ना शेत, ना घर. राहायला कंपनीची चाळ. अशा घरातल्या एखाद्या मुलीला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळालेला असतो आणि तिच्या हातात आजोबांचा एकही कागद नसतो. तिच्यासाठी खाणीतली ती एक ओळ म्हणजे आयुष्याची दिशा आहे. म्हणून खाणीच्या कागदातून पूर्वज शोधणं ही फुरसतीतल्या माणसाची आवड आहे असं जे समजतात, त्यांना मी या मुलीकडे बघायला सांगतो.

आता जे अवघड आहे ते. मृत्यू.

खाणीत मेलेल्या माणसाविषयी कागद सगळ्यांत जास्त तयार झाला. जिवंतपणी त्याची एक ओळ, मेल्यावर अख्खी फाइल. कामगार नुकसानभरपाईचा 1923 चा कायदा 1924 पासून लागू झाला. त्यात एक तरतूद अशी होती की कामावर मेलेल्या माणसाची भरपाई मालकाने थेट घरच्यांच्या हातात द्यायची नाही, ती आयुक्ताकडे जमा करायची. आयुक्ताने चौकशी करून, अवलंबून असलेली माणसं कोण ते ठरवून वाटायची. या एका तरतुदीमुळे त्या फाइलमध्ये संपूर्ण कुटुंब येतं: विधवा, तिचं वय, मुलं, त्यांची नावं आणि वयं, म्हातारे आई-बाप. दोन बायका असतील तर दोघींचे जबाब. गावाकडून भाऊ आला असेल तर त्याचा अर्ज. महिन्याची मजुरी किती होती, त्याचा पुरावा. एका घराण्याचा एका दिवशीचा पुरा पट त्या फाइलमध्ये मिळतो, आणि तो कर्ता माणूस नाहीसा झाल्याच्या दिवसाचा असतो. अशा फाइली वाचताना हात थरथरतो. पण त्या वाचाव्यात, कारण त्या विधवेचं म्हणणं तिच्या नावानिशी नोंदवलेली जागा बहुधा तेवढीच.

अपघाताचा शोध तारखेवरून घ्यावा. 10 डिसेंबर 1954 रोजी छिंदवाडा जिल्ह्यातल्या न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरलं आणि 63 कामगार गेले. आज छिंदवाडा दुसऱ्या राज्यात आहे, म्हणून नागपूरकर तिकडे पाहत नाहीत. पण 1954 मध्ये मध्य प्रदेशची राजधानी नागपूरच होती. त्या दिवसांतली नागपूरची दैनिकं, विधानसभेतली चर्चा, सरकारी पत्रव्यवहार, हे सगळं नागपूरच्या ग्रंथालयांत आणि दप्तरांत शोधायला हवं. मुख्य खाण निरीक्षकांच्या वार्षिक अहवालांत प्राणांतिक अपघातांची तारीख, खाण आणि कारण मिळतं. मजुरांची नावं तिथे शोधू नयेत. अहवालातून तारीख घ्यायची आणि ती घेऊन भरपाईच्या फाइलकडे जायचं.

ब्रिटनमध्ये हे काम आपल्याआधी बरंच पुढे गेलं आहे. तिथे 1842 मध्ये खाणींतल्या मुलांविषयीचा चौकशी अहवाल निघाला, त्यात मुलामुलींच्या तोंडचे जबाब आहेत, आणि त्याच वर्षी बायकांना आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना जमिनीखाली नेण्यावर बंदी आली. पुढे निरीक्षक नेमले गेले, मेलेल्यांच्या याद्या छापल्या गेल्या. डरहॅमसारख्या कोळशाच्या परगण्यात स्वयंसेवकांनी खाणवार नावं गोळा केली आहेत. कॉर्नवॉलचे खाणकामगार जगभर गेले, आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणीतही आले, आणि त्यांची नातवंडं आज कोलारच्या दफनभूमीतल्या दगडांवर आजोबा शोधतात. त्याच कोलारमध्ये जमिनीखाली उतरणारे हजारो तमिळ दलित कामगार होते. 1930 साली कंपनीने त्यांच्या बोटांचे ठसे घ्यायचं ठरवलं तेव्हा त्यांनी संप केला. गुन्हेगारासारखी आपली नोंद नको, हे त्यांचं म्हणणं होतं. म्हणून त्या ठशांकडे बघताना माझ्या मनात कृतज्ञता असते आणि रागही असतो. ज्या नोंदीतून आज आपल्याला आजोबा मिळतात, ती नोंद त्यांना जाच वाटली होती, आणि त्यांचं वाटणं खरं होतं.

बायकांविषयी मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, कारण वंशावळीतून त्याच सर्वांत आधी गळतात.

कोळशाच्या खाणीत बायका जमिनीखाली काम करत होत्या. नवरा कोळसा फोडायचा, बायको टोपलीत भरून टबापर्यंत न्यायची. जोडीचंच काम होतं ते. 1929 च्या नियमांनी भूमिगत कामातल्या बायकांची संख्या टप्प्याटप्प्याने कमी करायला सुरुवात केली, आणि 1937 मध्ये पूर्ण बंदी आली. युद्धात कोळसा कमी पडू लागला, 1943 मध्ये बंदी उठली. 1946 मध्ये ती पुन्हा लागू झाली. थेट 2019 मध्ये, अटी घालून, बायकांना भूमिगत खाणीत जाण्याची परवानगी मिळाली. या सालांचा वंशावळीशी काय संबंध? फार जवळचा. आजीचं नाव 1935 च्या वहीत आहे, 1939 च्या वहीत नाही, 1944 ला पुन्हा आहे, 1947 ला नाही. ज्याला हे कायदे ठाऊक नाहीत तो म्हणेल आजी वारली, किंवा ही दुसरीच बाई. आजी होती. तिला खदानीच्या तोंडावरून परत पाठवलं होतं. आणि मॅंगनीजच्या उघड्या खाणींत हा प्रश्न नव्हता. तिथे दगड फोडायला, निवडायला, रचायला बायका मोठ्या संख्येने होत्याच. त्यामुळे तुमसर-रामटेकच्या घरांत आजीचा माग काढणं बल्लारपूरपेक्षा सोपं जाऊ शकतं.

युद्धकाळात ही बंदी उठली तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हा निर्णय तात्पुरता आहे, कोळशाच्या टंचाईमुळे घ्यावा लागला आहे, हे त्यांना फेब्रुवारी 1944 मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात सांगावं लागलं. डिसेंबर 1943 मध्ये ते स्वतः झरियाच्या कोळसाक्षेत्रात गेले होते. कोळसा कामगारांच्या कल्याणनिधीचा 1944 चा अध्यादेश त्यांच्याच काळातला. खाणींतल्या बायकांच्या प्रसूतिलाभाचा कायदा 1941 चा, त्यातली सुधारणा त्यांनी पुढे नेली. महाराष्ट्र शासनाने छापलेल्या त्यांच्या इंग्रजी भाषणे-लेखनाच्या दहाव्या खंडात हे सारं वाचायला मिळतं. आपल्या घरातल्या आजीला बाळंतपणाचे पैसे मिळाले असतील तर त्याची नोंद खाणीला ठेवावी लागत होती. आईचं नाव आणि मुलाच्या जन्माची तारीख एकाच कागदावर! वंशावळ लिहिणाऱ्याला आणखी काय हवं?

एक नाजूक गोष्टही बोलली पाहिजे. कॉलरीच्या वस्त्यांत सगळ्यांना ठाऊक असतं की काही माणसांनी दुसऱ्याच्या नावावर नोकरी केली. मूळ माणूस गावी परत गेला, त्याच्या नावावर मेव्हणा लागला. किंवा मुकादमाने पटावर आधीच लिहून ठेवलेलं नाव नव्या माणसाला दिलं. तो माणूस तीस वर्षं त्या नावाने हाजरी देत राहिला, त्याच नावाने निवृत्त झाला. घरात एक नाव, खदानीत दुसरं. मुलांच्या शाळेत कधी हे, कधी ते. अशा घरात शोध घेताना तुम्हाला दोन वंश एकमेकांत गुंतलेले दिसतील. तो गुंता उलगडताना कोणाला लाज वाटू देऊ नका. पोटासाठी नाव सोडणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! माझा सल्ला असा की दोन्ही नावं वंशावळीत लिहावीत: घरचं नाव आणि खदानीतलं नाव. ज्या गावच्या माणसाचं नाव आपल्या आजोबांनी वापरलं, त्या माणसाचं गावही लिहावं. पुष्कळदा ती दोन घरं एकाच गावची निघतात.

कुठे शोधायचं, हे थोडक्यात. नागपूर हे या कामाचं मुख्य ठिकाण आहे. तिथे पुराभिलेखागार आहे, भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय आहे, 1962 मध्ये स्थापन झालेल्या मॅंगनीज ओअर इंडियाचं मुख्यालय आहे, वेस्टर्न कोलफील्ड्सचं आहे. रॉयल कमिशन ऑन लेबरने 1929 ते 1931 या काळात गोळा केलेल्या साक्षींच्या तिसऱ्या खंडात मध्य प्रांत-वऱ्हाड आहे, तो जुन्या ग्रंथालयांत मिळतो. रसेल आणि हिरालाल यांचा 1916 चा जातीजमातींवरचा ग्रंथ वाचायचा तर आपल्या आजोबांविषयी साहेबाने काय ठरवून ठेवलं होतं हे लक्षात ठेवून वाचावा. जनगणनेच्या घरोघरच्या नोंदी शोधत बसू नका, आपल्याकडे त्या जपून ठेवलेल्या नाहीत.

पण बी फॉर्मच्या जुन्या वह्या यांतल्या कुठल्याच ठिकाणी नाहीत. त्या खाणीच्या कचेरीत आहेत, हाजरीघराच्या मागच्या खोलीत आहेत, बंद झालेल्या खाणींच्या गोदामांत आहेत. खाण बंद होते, कचेरी हलते, आणि कागद कोणाच्या जबाबदारीचे हेच ठरत नाही. वाळवी त्यांना खाते आहे, पावसाचं पाणी त्यांच्यावर गळतं आहे. जमीन पुन्हा शेतीयोग्य करायची, खड्डे भरायचे, झाडं लावायची, हे खाण बंद करण्याच्या योजनेत लिहिलेलं असतं. कामगारांच्या नोंदवह्या पुराभिलेखागारात जमा करायच्या, ही अटही त्या योजनेत घालावी अशी माझी स्पष्ट मागणी आहे. ठराव करून ती शासनाकडे पाठवावी अशी विनंती मी व्याख्यानमालेच्या समितीला करतो. हे काम समितीला अवघड नाही.

आणि वह्या येईपर्यंत घरी करायचं काम आहेच. पत्र्याची पेटी उघडा. त्यात पगाराची चिठ्ठी, फंडाचं पासबुक, दिवा घेताना लॅम्परूममध्ये द्यायचा टोकन नंबर लिहिलेला पितळी बिल्ला, क्वार्टरच्या अलॉटमेंटचा कागद, काही ना काही असतं. प्रत्येकाचा फोटो काढून ठेवा. मग घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. त्यांना सालं विचारू नका, सालं त्यांच्या लक्षात नसतात. विचारा: खदानीचा नंबर काय होता? मालक कोण होता, साहेबाला काय म्हणायचे? चाळीत शेजारी कोण होतं, त्यांचं गाव कोणतं? गावाहून येताना रेल्वे कुठे बदलली? पहिला पगार कोणी हातात दिला? खाली पाणी शिरलं, छत आलं, असं कधी झालं का, तेव्हा घरात कोण लहान होतं? शेजाऱ्याच्या गावावरून आपलं गाव मिळतं, कारण माणसं एकटी आली नाहीत, एका गावची दहा-पंधरा माणसं मुकादमाबरोबर आली आणि एका चाळीत राहिली. मालकाच्या नावावरून साल मिळतं. अपघातावरून पिढी मिळते. हे सगळं सांगणाऱ्यांच्याच शब्दांत उतरून घ्या, दुरुस्त करत बसू नका, आणि त्याची एक प्रत गावच्या शाळेत द्या.